पापक्षालनाची घरे

१७५८ च्या ऑगस्टमध्ये पूर्व लंडनच्या प्रेस्कॉट स्ट्रीटवर एक नवी धर्मादाय संस्था सुरू झाली. लंडन हॉस्पिटल दुसरीकडे हलल्यामुळे तिथल्या इमारती मोकळ्या झाल्या होत्या. त्यांतच या संस्थेने बिऱ्हाड थाटले आणि तिचे नाव ठेवले मॅग्डालेन हाउस. देहविक्रय सोडून पश्चात्ताप करू इच्छिणाऱ्या स्त्रियांना आसरा द्यायचा, काम शिकवायचे आणि चांगल्या घरी नोकरीला लावायचे, हा तिचा हेतू होता. ती काढणारे लोक पाद्री नव्हते, व्यापारी होते. रॉबर्ट डिंगली रेशमाचा व्यापार करी. जोनस हॅनवेचे रशियाशी व्यवहार होते आणि लंडनच्या रस्त्यांवर छत्री घेऊन फिरणारा पहिला पुरुष म्हणून त्याची ख्याती होती. गरीब मुलांना आरमारात पाठवणारी मरीन सोसायटीही त्यानेच दोन वर्षांपूर्वी काढली होती.

या दोन संस्थांमधला संबंध लक्षात घेतला पाहिजे. इंग्लंड तेव्हा फ्रान्सशी सात वर्षांच्या युद्धात गुंतले होते. देशाला खलाशी हवे होते, सैनिक हवे होते, कामाला हात हवे होते. रस्त्यावर रोगाने मरणारी तरुण मुलगी म्हणजे देशाने गमावलेली एक मोलकरीण आणि गमावलेली एक आई, असा हिशेब त्या काळचे दानशूर उघडपणे मांडत. त्यांची कणव खोटी होती असे मी म्हणणार नाही. लंडनमध्ये सोळा-सतरा वर्षांच्या मुलींचे जे हाल चालले होते, ते पाहून ज्यांना झोप लागली नाही असे हे लोक होते. पण त्यांच्या मनात दया आणि हिशेब पहिल्या दिवसापासून एकत्रच नांदत होते आणि पुढच्या अडीचशे वर्षांत या घरांचे जे झाले त्याचे बीज तिथेच आहे.

कल्पना मात्र त्यांची नव्हती. पश्चात्ताप झालेल्या स्त्रियांसाठी मठ काढण्याची पद्धत युरोपात मध्ययुगापासून होती आणि अशा बहुतेक मठांना मेरी मॅग्डालेनचे नाव दिले जाई. बायबलच्या चारही शुभवर्तमानांत ही मेरी वेश्या होती असे कुठेही म्हटलेले नाही. येशूच्या निष्ठावंत अनुयायांपैकी ती एक होती आणि त्याच्या पुनरुत्थानाची पहिली साक्षीदार होती. ५९१ च्या सुमारास पोप ग्रेगरी पहिला याने एका प्रवचनात तिची आणि ल्यूकच्या शुभवर्तमानातल्या एका अनामिक पापी स्त्रीची सांगड घातली आणि ती पुढे पश्चिम युरोपात पक्की झाली. कॅथलिक चर्चने आपल्या पंचांगातून ती सांगड सोडवली १९६९ मध्ये. मधल्या जवळजवळ चौदाशे वर्षांत जगभरच्या हजारो स्त्रियांच्या माथी त्या मेरीचे नाव बसले ते या घोटाळ्यातून.

व्हेनिसच्या ज्युदेक्का बेटावर सोळाव्या शतकात अशाच स्त्रियांचा एक मठ होता, कॉन्व्हेर्तीते या नावाचा. तिथल्या स्त्रियांकडून पापांची कबुली ऐकून घेण्यासाठी नेमलेला पाद्री जोव्हान्नी पिएत्रो लिओन त्याच स्त्रियांवर वर्षानुवर्षे अत्याचार करीत होता. १५६१ मध्ये व्हेनिसच्या सरकारने त्याचा शिरच्छेद केला. मठाची ती वास्तू आज स्त्रियांचा तुरुंग आहे. अशा घरांवर बाहेरच्या कुणाची नजर नसली की आत काय होऊ शकते, हे युरोपला तेव्हाच कळून चुकले होते.

आपल्या किनाऱ्यावरही अशी संस्था फार लवकर आली. आर्चबिशप आलेशो द मेनेझिस याच्या काळात, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, जुन्या गोव्यात स्त्रियांसाठी दोन आश्रयगृहे निघाली. एक 'नोस्सा सेन्योरा द सेर्रा' या नावाचे, अनाथ मुली आणि घरंदाज स्त्रियांसाठी. दुसरे 'सांता मारिया मादालेना', पश्चात्ताप झालेल्या स्त्रियांसाठी. ज्यांची अब्रू राखायची त्या एकीकडे आणि ज्यांची गेली असे समाजाने ठरवले त्या दुसरीकडे, अशी ही वाटणी होती. लिस्बनहून निघालेली कल्पना मांडवीच्या काठी पोहोचायला फार काळ लागला नाही.

आता पुन्हा लंडनला जाऊ. मॅग्डालेन हाउसमध्ये प्रवेश मिळवण्यासाठी स्त्रीला रीतसर अर्ज करावा लागे. समितीपुढे उभे राहून प्रश्नांना उत्तरे द्यावी लागत. ती गरोदर असेल तर तिला प्रवेश नसे, गुप्तरोग असेल तर आधी लॉक हॉस्पिटलमध्ये उपचार घ्यावे लागत. म्हणजे जिला आसऱ्याची सर्वांत जास्त निकड, तीच दाराबाहेर राही. आत आल्यावर तिने आपले नाव लपवले तरी चाले. ही सवलत दयाळूपणाची होती. उन्हाळ्यात सहाला आणि हिवाळ्यात सातला उठायचे, प्रार्थना, रेशीम गुंडाळणे, शिवणकाम, पुन्हा प्रार्थना. राहण्याची मुदत साधारण तीन वर्षांपर्यंत असे. वागणूक चांगली राहिली तर शेवटी मोलकरणीची नोकरी किंवा घरच्यांशी समेट.

या घराची रविवारची प्रार्थना मात्र लवकरच लंडनच्या उच्चभ्रूंच्या भेटीचे ठिकाण बनली. १७६० च्या जानेवारीत लेखक होरेस वॉलपोल राजपुत्र एडवर्डच्या मेळ्याबरोबर तिथे गेला आणि मित्राला त्याने सविस्तर पत्र लिहिले. करड्या-तपकिरी कापडाचे झगे, खांद्यांवर रुंद रुमाल, चेहरा झाकेल अशा खाली ओढलेल्या सपाट गवती टोप्या आणि त्यांना निळी फीत, असा त्या मुलींचा वेश त्याने टिपला आहे. उपदेशक विल्यम डॉड याचे प्रवचन ऐकून मुली रडू लागल्या आणि पाहुण्या सरदारपत्नींनाही रडू आले. पाहुण्यांनी देणग्या दिल्या. संस्था देणग्यांवर चालत होती आणि देणग्या रडण्यावर येत होत्या. ज्या मुलीने आपले दुःख दर रविवारी अनोळखी श्रीमंतांसमोर मांडायचे, तिला ते कधी मागे टाकता येईल, हा प्रश्न त्या पत्रात नाही. त्या काळच्या बहुतेक कागदांतही नाही.

लंडनचे अनुकरण झपाट्याने झाले. १७६७ मध्ये लेडी अराबेला डेनी हिने डब्लिनच्या लीसन स्ट्रीटवर तसेच घर काढले. १८०० मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात मॅग्डालेन सोसायटी स्थापन झाली. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये अशा घरांचे पेव फुटले. त्यांतली बरीच धार्मिक संस्थांनी चालवलेली होती आणि बहुतेकांचा खर्च एकाच धंद्यावर निघे, तो म्हणजे कपडे धुणे. धुलाईला भांडवल थोडे लागते, काम कधी संपत नाही आणि अंगमेहनतीने मन शुद्ध होते अशी समजूतही सोयीची होती. मळलेला कपडा आणि मळलेला आत्मा हे रूपक प्रवचनांत वारंवार येई. त्या रूपकाखाली गरम पाण्याच्या वाफेत दिवसभर उभ्या असलेल्या बायकांचे हात सोलून निघत.

वेगळा प्रयत्न झालाच नाही असे नाही. १८४७ मध्ये कादंबरीकार चार्ल्स डिकन्सने लंडनच्या शेफर्ड्स बुश भागात 'युरेनिया कॉटेज' सुरू केले. पैसा अँजेला बर्डेट-कूट्स या बँकमालक घराण्याच्या वारसदार स्त्रीचा होता. एका वेळी तेराच्या आसपास मुली तिथे राहत. डिकन्सने त्यांना करडे कपडे न देता रंगीत कपडे दिले, वाचन-लेखन, स्वयंपाक आणि बागकाम शिकवले, आणि मागचे आयुष्य उगाळण्याची बंदी केली. शेवटी त्यांना ऑस्ट्रेलियासारख्या वसाहतींत नवी सुरुवात करायला पाठवले जाई. १८५३ मध्ये डिकन्सने स्वतःच आकडे छापले. तोवर तिथे आलेल्या ५६ मुलींपैकी ३० जणी परदेशी जाऊन नीट मार्गाला लागल्या होत्या, बाकीच्यांपैकी काही स्वतःहून गेल्या, काहींना काढले, काही पळाल्या. मला या आकड्यांचे मोल वाटते. आपल्या दानधर्माला अपयशही येते हे छापून सांगणारे दानशूर तेव्हा विरळा होते. तरीही त्या घरातली मुलगी परत आपल्या गल्लीत, आपल्या माणसांत जाऊन मानाने जगू शकेल, ही कल्पना डिकन्सलाही पेलली नाही. तिला समुद्रापार जाणे भाग होते.

इंग्लंडच्या याच परंपरेचा एक धागा थेट महाराष्ट्रात येऊन पोहोचतो. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, त्या वाँटेज इथल्या सेंट मेरी द व्हर्जिन या भगिनीसंघाच्या आश्रयाने. हा संघ अशा स्त्रियांसाठी घरे चालवत असे. भगिनींनी रमाबाईंना लंडनच्या फुलहॅम भागातले आपले घर दाखवायला नेले. समाजाने टाकलेल्या बायका तिथे माणसासारख्या वागवल्या जात होत्या आणि त्यांतल्या काही तर इतरांची सेवा करीत होत्या. रमाबाईंना हे सर्वस्वी नवे होते. लहानपणापासून संस्कृत ग्रंथ तोंडपाठ असलेल्या या विदुषीला आपल्याकडच्या कुठल्याच शास्त्रात अशा स्त्रीविषयी करुणा आढळली नव्हती. आपल्या आत्मकथनात त्यांनी धर्मांतराकडे वळण्याच्या कारणांमध्ये या भेटीची नोंद केली आहे. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पण याच रमाबाईंचे वाँटेजच्या भगिनींशी पुढे वारंवार खटके उडाले. काय मानायचे, कुणाचे ऐकायचे, कुठे शिकवायचे हे मी ठरवीन, असा त्यांचा पवित्रा होता आणि भगिनींना तो रुचत नव्हता. करुणा त्यांनी घेतली, आज्ञाधारकपणा घेतला नाही. १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी शारदा सदन काढले ते विधवांच्या शिक्षणासाठी. पुढे केडगावला मुक्ती सदनाचा मोठा पसारा उभा राहिला आणि शतक संपता संपता तिथेच, ज्यांना कुठलेही घर दार उघडत नव्हते अशा स्त्रियांसाठी, कृपासदन सुरू झाले. मुक्तीमध्ये शेती होती, विणकाम होते, छापखाना होता. बायकांच्या हातात कसब यावे हा रमाबाईंचा आग्रह होता. शिस्त कडक होती आणि धर्मांतरावरून वादही झाले, तो भाग वेगळा. पण फुलहॅमला पाहिलेली गोष्ट दख्खनच्या माळावर आणताना तिला शिक्षणाची आणि हुन्नराची जोड त्यांनी दिली, हे श्रेय त्यांचेच आहे.

इथे त्याआधीची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. रमाबाई इंग्लंडला जाण्याच्या वीस वर्षे आधी, १८६३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. आपल्या मुलाला मारल्याबद्दल एका ब्राह्मण विधवेला काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. कोवळ्या वयात विधवा झालेल्या मुली घरातल्याच पुरुषांच्या वासनेला बळी पडत आणि दिवस गेले की त्यांच्यापुढे दोनच वाटा उरत, मूल मारणे किंवा स्वतः मरणे. फुल्यांनी पुण्यात फलक लावले की अशा स्त्रियांनी गुपचूप येऊन सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यायचे की ठेवायचे हे त्यांच्या इच्छेवर. १८८४ पर्यंत ३५ विधवा तिथे बाळंत होऊन गेल्याचे जोतीरावांनी लिहून ठेवले आहे. त्यांतल्याच एकीचा मुलगा यशवंत. त्याला या निपुत्रिक जोडप्याने दत्तक घेतले, शिकवले, डॉक्टर केले.

लंडनचे घर आणि पुण्याचे हे घर शेजारी ठेवून पाहावे. लंडनमध्ये गरोदर बाईला प्रवेश नव्हता, पुण्यात तिच्यासाठीच दार उघडे होते. लंडनमध्ये पश्चात्तापाची परीक्षा होती, पुण्यात कबुली मागितली जात नव्हती. लंडनमध्ये रविवारी पाहुणे येत, पुण्यात गुप्तता हा पहिला नियम होता. तीन वर्षांचा मुक्काम नाही, गणवेश नाही, धुणे नाही. बाई येई, बाळंत होई आणि तिला जायचे तेव्हा जाई. १८७५ मध्ये पंढरपूरलाही प्रार्थना समाजाच्या मंडळींनी असेच काम सुरू केले. या क्षेत्रात एकोणिसाव्या शतकाने जगात जे काही केले, त्यात फुल्यांचे हे छोटे घर मला सर्वांत शहाणे वाटते. दोष बाईचा नाही, हे तिथे गृहीत धरलेले होते. १८८२ मध्ये ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून हाच मुद्दा संतापाने मांडला. त्यालाही निमित्त सुरतच्या एका विधवेवरच्या बालहत्येच्या खटल्याचे होते.

या घरांचा सर्वांत लांबलेला अध्याय घडला आयर्लंडमध्ये.

डब्लिनचे पहिले घर प्रोटेस्टंट होते. एकोणिसाव्या शतकात कॅथलिक नन्सच्या संघांनी हे काम हाती घेतले आणि मोठ्या धुलाईगृहांची साखळी तयार झाली. त्या शतकात स्त्रिया तिथे येत, काही दिवस राहत, निघून जात, अडचण आली की परत येत. घर कठोर होते, पण ते एक धर्मशाळाही होते. १९२२ मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर चित्र बदलले. नव्या राष्ट्राला आपल्या स्त्रियांची शुद्धता हा स्वतःच्या प्रतिष्ठेचा प्रश्न वाटू लागला. आता मुलींना न्यायालये पाठवू लागली, अनाथालये आणि औद्योगिक शाळा पाठवू लागल्या, कुमारी मातांच्या आश्रमांतून त्या येऊ लागल्या, आणि कितीतरी जणींना बापाने किंवा गावच्या पाद्रीने आणून सोडले. कुणी लग्नाआधी आई झालेली, कुणी घरातल्याच माणसाच्या अत्याचाराची बळी, कुणी मंदबुद्धी समजली गेलेली, कुणी फक्त पोरकी. देहविक्रयाशी संबंध असलेल्या त्यांत थोड्याच होत्या.

आत गेल्यावर नाव बदलले जाई. केस कापले जात. हॉटेले, इस्पितळे, रेल्वे, सैन्य, सरकारी खाती यांच्या कपड्यांची गाठोडी येत आणि बायका ती धूत, पिळत, इस्त्री करीत. पगार नव्हता. विमा किंवा निवृत्तिवेतनाची नोंद नव्हती. पळून गेलेल्या बाईला पोलीस परत आणून सोडत, जरी बहुतेक वेळा तिला धरून ठेवायला कायद्याचा आधार नव्हता. कधी सुटका होणार हे तिला कुणी सांगत नसे आणि न सांगणे हीच त्या घराची सर्वांत क्रूर गोष्ट होती. कैद्याला आपली तारीख माहीत असते.

हे सगळे गावांना माहीत होते. धुलाईची गाडी रस्त्यावरून जाई, बिल येई, चादरी स्वच्छ असत. ते उघड गुपित जगापुढे आणले एका जमीनव्यवहाराने. १९९३ मध्ये डब्लिनच्या हाय पार्क मठाने आपली जागा बांधकाम व्यावसायिकाला विकली आणि तिथल्या दफनभूमीतले मृतदेह हलवायची परवानगी मागितली. परवानगी १३३ मृतदेहांची होती, खोदताना निघाले १५५. अनेकींच्या मृत्यूची नोंदच नव्हती, काहींचे खरे नाव कुणाला माहीत नव्हते. त्यांचे दहन करून अवशेष ग्लासनेव्हिन दफनभूमीत नेले गेले. शेवटचे धुलाईगृह, डब्लिनच्या शॉन मॅकडर्मॉट स्ट्रीटवरचे, २५ ऑक्टोबर १९९६ ला बंद झाले. तेव्हा घराघरांत धुलाईयंत्रे आली होती. ही घरे बंद पडण्यात त्या यंत्राचा वाटा सद्सद्विवेकाहून कमी नाही.

सुटून आलेल्या स्त्रियांनी आणि त्यांच्या मुलींनी पुढे वीस वर्षे झगडा केला. २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी समितीने चौकशी करायला सांगितले तेव्हा सरकार हलले. फेब्रुवारी २०१३ मध्ये आलेल्या सरकारी अहवालानुसार १९२२ नंतर किमान १०,०१२ स्त्रिया या घरांत गेल्या. ज्यांच्या प्रवेशाचा मार्ग कळतो त्यांपैकी २६.५ टक्क्यांना पाठवण्यात शासनाचा हात होता. सर्वांत लहान मुलगी ९ वर्षांची, सर्वांत मोठी स्त्री ८९ वर्षांची. १९ फेब्रुवारीला पंतप्रधान एन्डा केनी यांनी संसदेत माफी मागितली, प्रेक्षक कक्षात त्या म्हाताऱ्या बायका बसल्या होत्या. भरपाईची योजना झाली, किमान ११,५०० आणि कमाल १ लाख युरो. ज्या चार धर्मसंघांनी ही घरे चालवली, त्यांनी त्या निधीत पैसे घालायला नकार दिला.

हे वाचून आयर्लंडकडे बोट दाखवण्याआधी आपला कायदा उघडून पाहावा. १९५६ चा स्त्रियांच्या अनैतिक व्यापाराविरुद्धचा कायदा, जो १९८६ पासून अनैतिक व्यापार प्रतिबंध कायदा म्हणून ओळखला जातो, त्याचे १७ वे कलम दंडाधिकाऱ्याला अधिकार देते की छाप्यात सापडलेल्या स्त्रीला संरक्षणगृहात किमान एक आणि कमाल तीन वर्षे ठेवावे. प्रेस्कॉट स्ट्रीटवरची मुदत जवळपास तेवढीच होती. अल्पवयीन मुलींना आणि फसवून आणलेल्यांना सुरक्षित जागा हवी, याबद्दल दुमत नाही. प्रश्न सज्ञान स्त्रीचा आहे. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका छाप्यानंतर संरक्षणगृहात ठेवलेल्या तीन सज्ञान तरुणींना सोडण्याचा आदेश दिला. कोणताही गुन्हा केलेला नसताना त्यांना इच्छेविरुद्ध डांबता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. १९ मे २०२२ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना संरक्षणगृहांची पाहणी करून इच्छेविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांच्या सुटकेची कार्यवाही ठरावीक मुदतीत करायला सांगितले. सांगलीत १९९६ पासून काम करणारी वेश्या अन्याय मुक्ती परिषद हेच मागत आली आहे. ही संघटना या व्यवसायातल्या स्त्रियांचीच आहे. आपल्याविषयीचा निर्णय आपल्याला विचारून घ्या, इतकीच तिची मागणी.

अडीचशे वर्षांच्या या इतिहासात घराच्या संस्थापकांचा हेतू पाहून फारसे काही कळत नाही. हेतू जवळजवळ सगळ्यांचेच चांगले होते. कळते ते तीन गोष्टींवरून. बाईला हवे तेव्हा बाहेर जाता येते का, तिच्या श्रमाचा पैसा तिच्या हातात पडतो का, आणि तिची तक्रार संस्थेबाहेरचे कुणी ऐकते का. आपल्या तालुक्यात, जिल्ह्यात अशी आधारगृहे आहेत. आपण सणावाराला तिथे धान्य देतो, साड्या देतो, वाढदिवसाचे जेवण देतो. पुढच्या वेळी जाल तेव्हा व्यवस्थापकांना हे तीन प्रश्न विचारा आणि शक्य असेल तर तिथे राहणाऱ्या बाईलाही एकटीला भेटून विचारा.